तळ दिसणारा डोह

...अन् वर म्हणत्यात काय, तर पाणी बघा कसं निवळशंख हाय! अवो, त्या निवळशंख पाण्यापायीच तर आमच्या जोतीरामाचं वाटोळं झालं! तुम्हाला सांगतो पावणं, ह्यो आमच्या तालमीतला पट्टीचा पोहणारा, पंचगंगेला पूर आला की पुलावरनं सूर मारायचा, अन् लगीन ठरलं तवा सासऱ्याला छाती फुगवून सांगून बसला, पाण्याचं आम्हाला काय सांगताय!

सासरा गणपतराव, राधानगरीच्या वरल्या रानातला. तिकडची रीत अशी, की नव्या जावयानं डोहाच्या तळातला धोंडा काढून देवीफुडं ठेवायचा, मगच बायकोला घरला न्यायची. न्हाय काढला तर? ते इचारायचं ह्याला सुचलंच न्हाय.

बावन्न सालचा माघ. एस्टीनं राधानगरी, फुडं दोन कोस चालत. दोन्ही अंगाला कडं, ऊन शिरंना असलं रान, कुठंतरी गवा फुसफुसतोय, अन् मधी ती नदी... निळी, नुसती निळी! जोतीरामानं वाकून बघितलं अन् दोन पावलं मागं सरला. का? तळ दिसतोय की वो!

अवो, पंचगंगेत गुडघ्याखाली काय हाय ते कळतच न्हाय, मग भ्यायचं कशाला? हितं खालचा एकेक धोंडा मोजून घ्या, मासं वर ह्याच्याकडं बघत्यात, अन् सगळ्यांच्या खाली ह्याचीच सावली पडलेली! किती खोल म्हणून इचारलं, तर गणपतराव म्हणाला, जास्त न्हाय, पाच पुरुष. पाच पुरुष! म्हंजे एकावर एक पाच गणपतराव!

मग ह्या शहाण्यानं काय करावं? काठावरचाच धोंडा हळूच लंगोटात खोचला, डोळं मिटून उडी मारली, हातभर खाली गेला अन् घावला घावला म्हणत वर आला. काठावर अख्खी वाडी बघत उभी. मोतीबिंदू झालेली म्हातारी धोंडुबाई सुदीक म्हणाली, "पावणं, खाली गेलाच न्हाईसा की." जाणार कुठं लपून? तळ दिसतोय की वो!

परत खाली जावा, वाडी म्हणाली. ह्यो खडकाला दोन्ही हातांनी चिकटला. अन् बायकोला, अंबूबाईला, हळूच म्हणतो, "मला भ्या वाटतंय गं. तुला न्यायचीय, पर हात सुटंनात."

अंबूबाईनं कासोटा आवळला अन् मारली उडी! आता हिकडं जोतीरामाचा जीव चालला... बायको खाली चाललीय, ल्हान ल्हान होत चाललीय, अन् सगळं दिसतंय! डोळं मिटावं तर मिटवंनात, श्वास हिनं धरलाय अन् गुदमरतोय ह्यो! वर आली, हातात धोंडा. जोतीराम पोरासारखा रडला अन् म्हणाला, सुटलो बाबा.

"सुटला कुठं, पावणं?" गणपतराव म्हणाला. "धोंडा जो काढंल, त्यानं दुसऱ्याला आपल्या घरला न्यायचं. रीतच हाय."

झाली की चार वर्सं. तिथंच हाय, नाचणी पेरतोय. नदीवर पाय ठेवत न्हाय, आंघोळ परड्यात, घागरीनं. गेल्या माघात बघितला, तर घागरीवर ताटली झाकून, फटीतनं आत चाचपत पाणी घ्यालाय. म्हटलं, हे काय रं जोत्या?

म्हणाला, "तळ दिसतोय की."