सात पापे आणि शनिवारची रांग

समारंभाच्या अध्यक्षा, आपल्या नगराध्यक्षा रेनिल्डाबाई. व्यासपीठावरील, आपल्या भागातल्या सर्व चर्चचे प्रमुख डीन महोदय. आज आपण ज्यांना निरोप देत आहोत ते फादर ओडिलॉन. आणि कॉफी निवत असतानाही शांत बसलेल्या बंधुभगिनींनो,

मी वानेस, बेकरीतला. शाळा लवकर सुटली, त्यामुळे आजच्या वक्त्यांत सर्वांत कमी शिकलेला मीच. तरीही मला उभे करण्याचे कारण समितीने एका वाक्यात सांगितले : "फादरांशी सर्वांत जास्त तूच बोलला आहेस." खरे आहे. दर शनिवारी, चर्चमधल्या पापनिवेदनाच्या जाळीआडून.

गर्व, लोभ, कामवासना, मत्सर, खादाडपणा, क्रोध, आळस. लहानपणी ही सात पापे आपण सगळेच पाठ करतो. मोठेपणी शहाणी माणसे ती विसरतात. मला मात्र केलेली चूक योग्य पापाखाली घातल्याशिवाय झोप येत नाही.

एकदा मी विचारले, "फादर, जत्रेत वाटपाच्या गोड वाफलांतलं मी तिसरं उचललं. हा लोभ की खादाडपणा?"

"खाल्लंस का?"

"नाही, खिशात ठेवलं."

"मग लोभ."

"पण घरी जाऊन खाल्लं."

"मग दोन्ही."

"इतका बारीक विचार दुसरं कुणी करत नसेल, नाही फादर?"

"हा गर्व. झाली तीन."

डीन महोदय, काळजी नसावी. जाळीआडचे गुपित फादरांनी नाही, मीच फोडतो आहे.

बाहेरच्या रांगेत माझ्या मागे नेहमी कोलेटा आजी असत, दुखऱ्या गुडघ्यांनिशी. मी बाहेर आलो की म्हणत, "काय रे, दिवसभर तर बेकरीत राबतोस. एवढी पापं करतोस तरी केव्हा?" मी ही थट्टाच समजत असे.

फादर निवृत्त होऊन समुद्रकाठी ओस्टेंडला बहिणीकडे राहायला जाणार, हे कळले. आता माझा निवाडा कोण करणार? मी जाळीला तोंड लावून म्हणालो, "मी दर शनिवारी बसने तिकडे येईन."

"अरे बाळा, इथे नवे फादर येतील की."

"त्यांना माझी पापं माहीत नाहीत."

"मग त्यांनाही दे थोडी! सगळी मलाच?"

मी हसलो. ते हसले नाहीत.

"वानेस, बाहेर कोण उभं आहे?"

"कोलेटा आजी."

"केव्हापासून?"

"ते मी कधी पाहिलं नाही."

"आता सांग, दुसऱ्याच्या वाट्याचं आपल्यापाशी धरून ठेवणं, याला काय म्हणतात?"

इतकी वर्षे मी लोभाची चौकशी करत होतो, तीही दुसऱ्यांचा वेळ बळकावून! त्या दिवशी मी निम्मी पापे तशीच ठेवून बाहेर आलो. आजी म्हणाल्या, "का रे, आज बरं नाही का?"

असो. फादरांच्या भगिनी गोडेलिव्हबाई कोट घालून दाराशी उभ्या आहेत, आणि माझे भाषण मात्र लांबते आहे. खरे सांगतो, अजून बोलण्यासारखे काहीही उरलेले नाही. मी थांबलो की फादर निघतील, एवढ्यासाठीच बोलतो आहे. हे कोणते पाप, ते आज मला कुणाला विचारावे लागत नाही.

आपण ऐकून घेतलेत, आभारी आहे. कुणाचे नाव राहिले असेल, कुणाचा मान चुकला असेल, तर अडाणी समजून क्षमा करावी.

फादर, सुखाने या.