पारसिकच्या दगडावर ठेवलेला दम

हसायचं नाही हं. अँजिओप्लास्टी झालेली असूनही आमच्या काकांना पारसिकचा डोंगर चढायचाच होता. ऐकतात कुठे! शेवटी हृदयाचे ठोके दाखवणारं माझं घड्याळ त्यांच्या मनगटावर बांधून मीही गेले. अर्ध्या वाटेत ठोके एकशे अठ्ठेचाळीस.

"काका, दहापैकी किती दम लागलाय?"

"आठ. थांब, इथे ठेवतो." त्यांनी वाटेतल्या दगडावर एक पान ठेवलं. "आता दोन."

घड्याळात ब्याऐंशी.

"काहीही हं काका!" मी पान फेकलं आणि त्याच दगडावर बसले.

काका ओरडले, "ऊठ आधी! ठेवलेला दम बसेल त्याला लागतो."

काका आता रोज चढतात. घड्याळ माझ्याकडे आहे. मला दम अजिबात लागत नाही. आत्ताही नुसती चहा पीत बसलेय ना? बघा, एकशे अठ्ठेचाळीस.