शेळ्या म्होरं घालायच्या न्हाईत

का हसता रं? खेळात मी मेलो, ते खरंच हाय. पण आइका तरी.

माझा मेव्हणा पुण्याला ऱ्हातो. त्यानं सोताचा खेळ बनवलाय. आपण एक सोंग घ्यायचं आन् फासे टाकत राक्षसाशी लढायचं. त्यात त्यानं नवा मांत्रिक घातला, मंत्रानं जनावरं बोलावणारा. खेळाचं पुस्तक छापायच्या आदी त्यो मांत्रिक नीट चालतो का, ते बघायला मला बसवलं.

"दाजी, लांडगं बोलवा. लई ताकदीचं हायेत."

"लांडगं? आमी सात पिढ्या शेळ्या राखल्या. तीन शेळ्या बोलावल्या म्हनून लिही."

गुहेत राक्षस आला. मेव्हणा म्हनला, "आता शेळ्या म्होरं घाला. त्या मरतेत, तुमी वाचता. नियमच हाय तसा."

माझं टकुरंच फिरलं. "मालक जित्ता आसताना शेळ्या म्होरं? आग लाव तुझ्या नियमाला! शेळ्या मागं, मी काठी घिऊन म्होरं."

फासा टाकला. एक पडला.

"मेलात, दाजी. हरलात."

"शेळ्या कुठंयत?"

"पळाल्या गुहेभायेर."

"तिन्ही?"

"तिन्ही."

"मंग हरलो कसा रं?"

मेव्हण्यानं पेन काढला आन् 'मेला त्यो हरला' ह्यो नियम खोडला.