इनामदारांची फोर्ड

१९७४ साल. कोरेगावच्या स्टँडवर सांगलीच्या एसटीची वाट बघत बसलो होतो. शेजारचे गृहस्थ एका म्हातारीला मोटारीचा फोटो दाखवत होते.

"आजी, ही जुनी फोर्ड मी विकत घेतलीय. पूर्वी इथल्या इनामदारांची होती म्हणे. तुम्ही कधी पाहिली होती का?"

"बगितली? बसले हुते की हिच्यात. नवरी म्हनून."

"म्हणजे तुम्ही इनामदारांच्या घरच्या?"

"न्हाई, दादा. त्येंनी तिसऱ्या लग्नाला मला मागितलं. मी चौदाची, त्ये पन्नाशीचं. बा मोटार बगूनच भुलला. लगीन लावाय त्येंची मानसं त्येंच्या गावाला मला हिच्यातनंच न्ह्यायला लागली."

"मग?"

"वसना नदीच्या वाळूत रुतली. समदी ढकलाय उतरली. मीबी उतरले, आन उसातनं मागारी घर गाठलं."

"इंजिनात काही बिघाड होता का? गाडीचा इतिहास लिहितोय, म्हणून विचारतो."

"मोटार चांगली हुती. माझंच मन न्हवतं."

"घरी काय म्हणाले?"

"बा लय वरडला. आय भाइर आली. नव्या नवरीवानी माझ्या पायावर पानी वतलं, भाकरतुकडा ववाळून टाकला, आन म्हनली, आत यं."