काटा उतरला हो

मी मूळची बांद्याच्या बाजूची, सिंधुदुर्गातली. घोव गोव्यात पाळी गावच्या खाणीवर ट्रक चालवी म्हणून लग्न होऊन इथे आले. आमचा वाडा, म्हणजे वस्ती, वर डोंगरावर, काय सांगू तुम्हाला, खाली खाणीवर लखलखाट आणि आम्ही घासलेटच्या दिव्याशी. गोव्याचं राज्य झालं, पेढे वाटले, पण विजेचा खांब काही वर चढला नाही.

मग वाड्यावर दवाखान्याचं उपकेंद्र आलं नि त्यात उन्हावर चालणारा फ्रीज. म्हणजे बाहेर काचेचे चार तक्ते, आत बॅटऱ्या, आणि फ्रीजमध्ये पोरांचे पोलिओचे डोस. मी तिथे झाडलोट करी. डॉक्टर म्हणाले, पार्वतीबाय, तक्ते रोज पुसायचे, धूळ बसली की फ्रीज तापणार नि डोस फुकट जाणार. खाणीची धूळ ती, फडकं पिळलं की बाल्दी लाल. पण मी पुसायची, एक दिवस चुकवला नाही.

मग माझे बापूस वारले. तेरा दिवस माहेरी राहिले. जाताना सिस्टरबाईंना म्हटलं, तक्ते तेवढे बघा. त्या म्हणाल्या, ऊन काय पळून जातंय? परत आले तर काच दिसेना, नुसती माती, आणि फ्रीजमधला काटा लाल रेघेच्या वर. म्हटलं, सिस्टरबाई, डोस मेले हे. त्या म्हणाल्या, गप्प, उद्या डोसाचा दिवस, मोठे साहेब येणार, तू पुसून घे, काटा उतरेल. काटा उतरला हो. त्यांनी वहीत ठीक लिहिलं.

दुसऱ्या दिवशी बायका रांगेत, नि पोरांच्या हनुवट्या धरायला मी. माझी शेवंती आठ महिन्यांची, तिलाही पाजला. नोकरीची भीती होतीच, पण खरं सांगू, माझ्या चेडवाला नाही दिला तर लोक विचारतील, हिला का नाही, म्हणून दिला.

वर्षाने तिला ताप आला, तीन दिवसांत पाय लुळा. फोंड्याला नेली. तिथले डॉक्टर म्हणाले, कशामुळे ते आता सांगता येत नाही. आमच्या डॉक्टरांना मी सगळं बोलले, तर म्हणाले, वहीत ठीक आहे पार्वतीबाय. सिस्टरबाई बदली होऊन गेल्या. पुढे वीज आली नि तक्ते कोणी काढून नेले.

शेवंती आता काठी टेकत पंचायतीत कामाला जाते. गेल्या वर्षी तिला सांगितलं. तिने विचारलं, आई, रांगेत आणखी कोण होती? मी एकेक नाव घेतलं. सगळी धडधाकट आहेत, लग्नं झाली, पोरं झाली. देव त्यांना सुखात ठेवो. रोज म्हणते मी हे, आणि म्हणताना तोंड कडू होतं.