मिलिंदच्या नावाचा चषक कुणाला द्यायचा

मंडळी, मास्क खाली करून बोलते, नाहीतर मागच्यांना ऐकू जायचं नाही. तुम्ही सगळे आलात. कुणी डून लेरीहून, कुणी लिमरिकहून गाडी चालवत. जानेवारीत मिलिंद गेला तेव्हा दहाच माणसांना आत सोडलं होतं. बाकीच्यांनी त्याला स्क्रीनवर निरोप दिला. म्हणून आज, नियम सैल झाल्यावर, इथं सँडीफोर्डला, तो बास्केटबॉल खेळायचा त्याच कोर्टावर खुर्च्या मांडून बसलोय. मी त्याची थोरली बहीण. चौथी शिकलेली. केतकीच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या बाळंतपणाला इकडं परदेशात आले, विमानं बंद झाली, इथंच अडकले. मला भाषण जमत नाही. भावाबद्दल तर तोंडच उघडत नाही. पण आत्ता जे ऐकलं, त्यानंतर गप्प बसणं त्याहून अवघड आहे.

तुमचा कॅप्टन निखिल आत्ता म्हणाला, "मिलिंदचे पॉइंट्स फारसे नव्हते, पण माणूस दिलदार होता." आणि मग सांगितलं की दरवर्षी मिलिंदच्या नावाचा चषक द्यायचा. कुणाला? तर सगळ्यात जास्त पॉइंट्स करणाऱ्याला.

काय रे निखिल, कुणाच्या डोक्यातून निघालं हे?

मागच्या उन्हाळ्यात खेळायची परवानगी मिळाली, तेव्हा दर शनिवारी मी त्या कडेच्या बाकावर बाळाला मांडीवर घेऊन बसायचे. तुम्हाला वाटायचं, अक्काला काय कळतंय. मला सगळं ऐकू यायचं. "मिल्या, बास्केट कुठल्या बाजूला आहे माहितीये ना?" "मिल्या, फक्त हजेरी लावून जातोस का रे?" संध्याकाळी तुमच्या त्या ग्रुपवर अॅपमधला तक्ता यायचा. कुणाचे किती पॉइंट्स. मिलिंद शेवटी. त्याच्या नावापुढे हसऱ्या तोंडांची रांग. तो पण हसायचा. "इट्स ग्रँड, अक्का," म्हणायचा, म्हणजे इथल्या भाषेत छान चाललंय. मला काही ग्रँड वाटायचं नाही. मी त्याला झापलं. म्हटलं, "लोक तुला हसतात आणि तू त्यांच्यात हसतोस? एकदा तरी टाक की बॉल आत!"

तेव्हा त्यानं मला लॅपटॉपवर एक जुना कागद दाखवला. बास्केटबॉल खेळायचे पगार मिळायला नुकती सुरुवात झाली होती, त्या काळातल्या एका मॅचचा. खेळाडूंची नावं, आणि पुढं फक्त तीन रकाने. बास्केट किती, फ्री थ्रो किती, पॉइंट्स किती. एका माणसापुढं तिन्हीकडं शून्य.

मी म्हटलं, "हा कशाला गेला होता? पाणी द्यायला?"

मिलिंद म्हणाला, "अक्का, याचीच टीम जिंकलीय. यानं काय केलं ते लिहायला रकानाच नाही. पास कुणी दिला, उडालेला बॉल कुणी पकडला, हे तेव्हा लिहायचेच नाहीत."

"मग तू लिही."

"मी खेळू का लिहू?"

"मी बसलेलीच असते बाकावर. मला वही आण."

त्यानं आणली. मला इंग्रजी नावं वाचता येत नाहीत, शर्टावरचे आकडे येतात. ज्यानं पास दिला आणि पुढच्यानं बास्केट केली, त्या पास देणाऱ्याच्या आकड्यापुढं एक रेघ. शेजारी ज्यानं बास्केट केली त्याचा आकडा. सगळा उन्हाळा मी रेघा मारल्या.

ही ती वही. कुणाच्या किती रेघा ते मी काही सांगत बसत नाही. ज्याला बघायचंय त्यानं यावं आणि मोजावं. सगळ्यात लांब ओळ मिलिंदची आहे. आणि निखिल, त्याच्या रेघांशेजारी सगळ्यात जास्त वेळा तुझा आकडा आहे. तू आत किती टाकलेस ते तुमच्या अॅपमध्ये आहे. तो बॉल तुझ्या हातात कुणी आणून दिला, ते इथं आहे. तुमच्यातल्या एकालाही हे दिसलं नाही? इतकी मोठी शिक्षणं घेतलेली माणसं तुम्ही!

काल केतकी मला म्हणाली, "अक्का, जाऊ दे, चांगल्या मनानं करतायत." असेल. चांगल्या मनानं चुकीचं केलं तरी ते चुकीचंच. ही पोर उद्या मोठी होईल. बाबाच्या नावाचा चषक बघेल आणि विचारेल, बाबा खूप पॉइंट्स करायचा का? काय सांगणार तिला? की नाही गं, तो शेवटचा असायचा, पण आम्ही नाव दिलं? बाप तर गेलाच. आणि वर, तो जसा नव्हता तसला बाप तिला देऊ नका.

रडू नकोस, निखिल. मला रडणं नकोय, उत्तर पाहिजे. पास देणाऱ्याला चषक देणार असाल तर त्यावर माझ्या भावाचं नाव घाला. नसेल जमत तर दुसऱ्या कुणाचं घाला, मी वाईट वाटून घेणार नाही. मान नुसती हलवू नकोस, तोंडानं बोल.

मागं ऐकू गेलं नाही. परत बोल.

हां. "पास देणाऱ्याला." ऐकलंत सगळ्यांनी? आणि रेघा कोण मारणार? मला आता विमान मिळतंय, मी चाललेय. केतकी, तू? बरं. मग ही वही तुझ्याकडं. पेन्सिल वापर, इथल्या पावसात शाई पसरते.

झालं माझं. आता उठा सगळे. मोबाइल बंद करा. मिलू, मला दोन मिनिटंसुद्धा गप्प राहता येत नाही, हे तुझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. आज राहते. तुझ्यासाठी.