आतली कडी

नाय नाय, तिथं नका लावू साहेब. लिंबाखाली सावली बघून समदे तिथंच लावतात, अन् सकाळी माकडं टपावर नाचतात — अन् तुमच्या गाडीला तर वरतीबी खिडकी हाय. इकडं घ्या, भिंतीला पाठ करून. तोंड रस्त्याकडं पायजे. रात्री निघायची येळ आली तर गाडी वळवत बसायचं नसतं, चावी फिरवली का थेट डांबरावर. हां, बस. आता कसं — घाबरवत नाय तुमाला. तुम्हीच इचारलं ना, या ढाब्याच्या आवारात रातभर राहिलं तर धोका नाय ना, अन् काय झालं तर हाक मारल्यावर मी येईन का. सांगतो की. इथला वाचमन मीच हाय, मीच सांगणार. आधी बाकीचं ऐका. गॅसची टाकी कुठं हाय? आतच? मंग चहा झाला का मुळातून बंद करायची, शेगडीचं बटण नाय, टाकीचं. अन् खिडकी चार बोटं उघडी ठेवा, समदं गच्च लावून झोपलं का माणूस आतल्या आत गुदमरतं. रात्री उतरायचं झालं तर आधी खाली बॅटरी मारा, मंग पाय टाका. बाईसाहेबांनाबी सांगा.

मला कसं ठाऊक म्हणता? जलमच तसा गेला माझा. आम्ही धनगर. आमच्यात वाडा म्हणतात तो दगडामातीचा नसतो — मेंढरं, घोडं, कुत्रं, बायकापोरं, रात पडंल तिथं वाडा. दिवाळी झाली का निघायचं ते पार पावसाच्या तोंडावर माघारी. आज ह्याच्या रानात, उद्या त्याच्या. शेतकरी खतासाठी मेंढरं बसवून घ्यायचा, वर जवारी द्यायचा. तुम्ही हौसेनं एवढा खर्च करून जे करताय, ते आम्ही पोटासाठी करत व्हतो, एवढाच फरक. हसा, हसा. शेवटी शेवटी तर आमच्याकडंबी गाडी व्हती — घोडं इकून जुना टेंपो घेतला, पाठीमागं पत्र्याची खोली केली, आतून कडी. तुमच्यासारखीच, फक्त काच नव्हती.

जा, बाईसाहेब बोलावतात. आकाश म्हणल्या ना? तुमचं नाव व्हय. चांगलं हाय — नाय, वाईट कशाला वाटंल, शहरात समद्याच मारतात नावानं हाक. आमच्यात नाय. आमची म्हाळसा, अठरा वर्सं संसार केला, पण माझं नाव काय तोंडातून काढलं नाय. लग्नात उखाणा घेतला तेवढाच. रेशनच्या दुकानात मालकाचं नाव इचारलं तर शेजारणीला म्हणायची, तू सांग. 'अहो', नायतर 'ऐकलं का', नायतर पोरीचं नाव पुढं — ज्ञानेश्वरीचे आबा. माझं नाव बिभीषण. मी म्हणायचो, अगं घे की, बिभीषण हाय मी, रावण थोडाच हाय. पदर तोंडाला लावून हसायची. लई हसायची ती.

नाय, आता नाय ती. पाच वर्सं झाली. त्या साली मेंढरंचोर लई माजले व्हते. अजिंठ्याच्या अलीकडं आमच्यातल्याच एकाला नाव घेऊन उठवला — 'कडूबा, ए कडूबा, उघड' — त्याला वाटलं वळखीचं कोणी हाय, कडी काढली, तर डोस्कं फोडून मेंढरं नेली. त्याच दिवशी मी घरात कायदा केला. नावानं हाक आली तर कडी काढायची नाय. आपलं माणूस काय नावानं हाक मारीत नाय, मंग नावानं मारणारा परकाच. झालं ना सोपं? असा हुशार मी.

मंग चार दिसांनी एक मेंढी अडली. म्हाळसा उठली, म्हणली, मी बघते, तुम्ही झोपा. गेली. जाताना म्हणली, कडी लावून घ्या, पोर हाय आत. म्हणून मी लावली. मेंढीला येळ लागला आसंल, ती तिथंच भुईला पाठ टेकून पडली आसंल — मला काय म्हाईत, मी झोपलो व्हतो. जाग आली ती हाकेनं. 'बिभीषण.' जाड आवाज, जीभ वळत नसल्यासारखा, बाईचा का बाप्याचा कळंना. परत, 'बिभीषण.' मी म्हणलं, आले चोर. हातात कुऱ्हाड घेतली अन् बसून राह्यलो. पोर तेरा वर्सांची, ती उठली, म्हणली, आबा, आई हाय. मी म्हणलं, गप, तुझी आई माझं नाव घेतीय व्हय कधी? ती कडीकडं निघाली तर मी तिच्या तोंडावर हात ठेवला. असा. पत्र्यावर कोणतरी हात मारत व्हतं, जोरात नाय, हळू. मंग तेबी थांबलं. मला वाटलं, गेले चोर. वाचलो.

तांबडं फुटल्यावर कडी काढली. मागच्या चाकाला टेकून बसली व्हती, अंग गार पडलेलं. मण्यार चावली म्हणले — ती चावली का आधी पापण्या पडतात, मंग जीभ जड व्हती. म्हणून तसला आवाज. अन् नाव कशाला घेतलं म्हणता? मी लई इचार केलाय साहेब. 'अहो'ला मी झोपेतून उठत नाय, हे तिला ठाऊक व्हतं. अठरा वर्सांत पहिल्यांदा घेतलं, ते मला उठवायला.

दवाखान्यात डॉक्टरनं इचारलं, हिनं कुणाला हाक नाय मारली का? मी म्हणलं, नाय. पोर शेजारीच उभी व्हती. तिनं माझ्याकडं बघितलं, बस. तवापासून माझ्याशी एक शब्द नाय. आता बिडकीनला असते मावशीकडं, कंपनीच्या कँटीनात जाते. फोन लावला का उचलते, एवढं हाय. मी बोलतो, जेवलीस का, थंडी हाय का, अन् तिकडून नुसती भांडी वाजतात. मंग मीच ठेवतो. अन् ते कडी लावा म्हणल्याचं — तसं ती म्हणलीच नव्हती. ती गेल्यावर मीच उठून लावली. भ्याव वाटलं व्हतं मला. बायको भाईर अंधारात, अन् मी आतून कडी लावली. हे पोरीला सोडून कुणाला म्हाईत नव्हतं. आता तुमाला.

चहा नको मला. बाईसाहेबांना सांगा, नको. तुम्ही इचारलं व्हतं ना, हाक मारली तर येणार का. अप्पारावनं, ह्या ढाब्याच्या मालकानं, मला इथं ठेवलं तवा त्यानं काय इचारलं नाय, मीबी सांगितलं नाय. जेवण झालं का मी त्या खोलीत जातो. मागल्या थंडीत एका म्हाताऱ्याला दम लागला व्हता, त्याची लेक माझ्या दारावर थापा मारत व्हती, वाचमन, ओ वाचमन. मी जागाच व्हतो. समदं ऐकत व्हतो. पाय उठंना साहेब. ट्रकवाल्यांनी नेला त्याला.

तर नाय. मी येणार नाय. तुमच्या गाडीत समदं हाय, कॅमेरा हाय, लाईट हाय, पण हाकेला माणूस पायजे, अन् तो इथं नाय. पुढं फर्दापुरात लॉज हाय, गाडी आत घेतात, मालक सोमनाथ म्हणून हाय, भला माणूस, त्याला उठवलं का उठतो. हे राखणीचे दिलेले पैसे ठेवा तुमचे. अन् गाडीत बसा आता, लई झालं बोलणं. काढा गाडी, अजून उजेड हाय.